पाच मीटरला चार बोटं कमी

थोरलीची शाळा सुटली तेव्हा ती दुसरीत होती. आधी गुडघे सुजले, मग मनगटं, मग ताप चढला तो उतरेचना. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा ताप सांध्यांना चाटून जातो, पण चावतो हृदयाला. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, पडून राहणं, आणि शाळेचं नाव काढायचं नाही. किती दिवस, असं मी विचारलं तर म्हणाले, "दिवस नाही बाई, वर्षं विचारा."

ही सत्तर सालाच्या थोडी पुढची गोष्ट. यजमान नागपूरला गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात थानं उलगडून दाखवायच्या कामाला होते. सकाळी दहाला जायचे ते रात्री आठला यायचे, आणि दिवसभर मांडी घालून बसल्यानं घरी आले की आधी पाय लांब करायचे. पगारातला मोठा वाटा इंजेक्शनं खायची, त्याखालोखाल खोलीचं भाडं. मास्तर घरी बोलवायचा म्हणजे आमच्यासाठी हत्ती दारात बांधण्यातला प्रकार. तेव्हा मीच म्हटलं, मी शिकवते. मी मराठी सातवी पास होते. माझ्या माहेरच्या गावात तेवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती, त्यामुळे मला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

थोरलीनं पहिल्याच दिवशी अट घातली. आमच्या गल्लीतून तिच्या वर्गातल्या मुली रोज दप्तरं घेऊन जायच्या. ही खाटेवरून त्यांच्याकडे बघायची. अंगानं वाळलेली, पण उंचीनं तेव्हाच सगळ्यांहून वर. ती म्हणाली, "आई, मी बरी झाली की त्याहीच्यासंगच बसीन. त्या पाचवीत गेल्या तर मी पाचवीत. लहान पोरींच्या बसकरपट्टीवर मी बसणार नाही. बसवशील तर मी शाळेतच जाणार नाही."

"बस," मी म्हटलं. तोंडानं म्हटलं खरं, हिशेब मागून केला. मुलींची मोठी शाळा पाचवीपासून सुरू व्हायची, आणि मधली सगळी पुस्तकं मला एकटीला शिकवायची होती. हरले असते तर ती पोर घोड्याएवढी होऊन दुसरीत बसली असती, आणि दोष कोणाचा, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

त्यात धाकटी. तिचं पहिलीत नाव घालायचं वर्ष तेच. नवी पाटी आणली, वेण्या घातल्या, आणि दारात जाऊन तिनं चौकट धरली. "ताई नाही जाऊन राहिली, तर मी काहून जाऊ?" मी ओढलं, तिनं धरून ठेवलं, मी दोन धपाटे घातले, तिनं धरून ठेवलं. शेवटी थोरली खाटेवरून म्हणाली, "राहू दे ना वं आई, मले संगत होईन." अशी माझ्या शाळेत पहिल्या दिवशी दोन मुलं झाली. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी ऐकलं तेव्हा नाक मुरडलं. "दोन पोरी, त्याही घरीच शिकवून राहिली? मोठी आली मास्तरीण!" मी म्हटलं, "मास्तरीणच आहे. तुम्हाले बसायचं असंन तर तुम्हीही या, पाटी मी देते." तेव्हापासून त्या पुष्कळ दिवस आल्या नाहीत. बरंच झालं, जागा कुठं होती.

जागा म्हणजे एक खोली, तिच्यातच चूल, कोपऱ्यात मोरी. खाली फरशी होती, काळी आणि गुळगुळीत. तिच्यावर खडूनं इतकं छान उमटायचं की वेगळ्या फळ्याची मला कधी आठवणच झाली नाही. खडूही दुकानातलाच, शिंपी कापडावर खुणा करतात तो चपटा खडू. यजमान तुटके तुकडे खिशात घालून आणायचे. थानांभोवतीचा खाकी कागद आणायचे, तो मी चौकोनी कापून सुतळीनं शिवायची, झाली वही. थानांवर मिलची रंगीत तिकिटं चिकटवलेली यायची: मोर, हत्ती, कमळातली लक्ष्मी, विमान. ती ओल्या फडक्यानं अलगद सोडवून भिंतीला लावली. नवीन कोणी आलं की विचारायचं, "हे काय वं, घर आहे का दुकान?"

भूगोल मला मुळात आवडायचा. एका सकाळी नळाचं पाणी भरून झालं, आणि मी सगळ्या फरशीवर महाराष्ट्र काढला. दार पूर्वेला, म्हणून नागपूर दारापाशी. चूल मुंबईत आली. सोलापूर धान्याच्या डब्याखाली. थोरली खाटेवर उशीला टेकून हुकूम सोडायची, "कोल्हापूर!" आणि धाकटी उड्या मारत कोल्हापूर गाठायची. "आता नाशिकवरून जळगाव, मधात पाय टेकवायचा नाही!" दुकानातल्या कापडाच्या गाठींवर ज्या गावांची नावं छापून यायची ती महाराष्ट्रात मावेनात, म्हणून घराबाहेर काढली. अहमदाबाद चुलीमागच्या भिंतीपलीकडे, कानपूर शेजाऱ्यांच्या घरात, आणि कोईमतूर मोरीत. पुढे कित्येक वर्षं धाकटी अंघोळीला जाताना कोईमतूरला चालली म्हणायची. रात्री यजमान आले की पाय लांब करून भिंतीला टेकायचे आणि मी तिथंच ताट वाढायची. एकदा थोरली शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज अरबी समुद्रात बसून जेवता." ते घास तसाच हातात धरून खाली बघत राहिले. मग ताट उचललं आणि सरकत सरकत रत्नागिरीपर्यंत आले. आम्ही तिघी इतक्या हसलो की भिंतीपलीकडून कानपूरवाल्यांनी थाप मारली.

वाचनाची पुस्तकं विकत घेणं जमायचं नाही. जुनी मिळाली ती दोनदा-तीनदा वाचून झाली. मग आमचा डोळा किराण्याच्या पुड्यांवर गेला. डाळ, गूळ, हळद, सगळं छापील कागदात बांधून यायचं. मी पुडी सोडायची ती जपून, कागद न फाडता, आणि सामान डब्यात पडायच्या आत दोघींचं वाचून व्हायचं. त्या कागदांत गोष्ट कधी पुरी नसायची. डाळीच्या पुडीत एका बंगल्यात खून व्हायचा, आणि खुनी सापडायच्या आत कागद संपायचा. गुळाच्या पुडीत कोणाचं तरी लग्न मोडायचं. थोरलीनं हे दोन्ही कागद जोडून एक गोष्ट केली, त्यात नवरदेवच खुनी निघतो आणि नवरी त्याला घोड्यावरून ओढून पोलिसात देते. मी स्वतः चुलीवरचं वरण लागेपर्यंत ऐकत बसले. त्या दिवशी सगळ्यांनी करपलेलं वरण खाल्लं, आणि कोणी एका शब्दानं बोललं नाही.

अपूर्णांक शिकवायला मी संत्री घेतली. संत्री स्वस्त होती, विशेषतः संध्याकाळी हातगाडीवर उरलेली. पुस्तकात फळाचे आठ सारखे भाग असतात. आमच्या एका संत्र्यात फोडी निघाल्या दहा, दुसऱ्यात अकरा, आणि तिसऱ्यात नऊ मोठ्या, एक मेलेली. धाकटी म्हणायची, "अर्धं किती ते आधी सोलून पाहू." मी चिडायची, पोरी खायच्या, आणि गणित पोटात जायचं. शेवटी मी हात टेकले आणि यजमानांना म्हटलं, गणित तुम्ही घ्या, तुमचा दिवसभराचा धंदाच मोजायचा आहे. तेव्हापासून रात्री जेवणं झाली की ते दुकानातली एक वाकलेली लोखंडी मीटरपट्टी घेऊन बसायचे. माझं जुनं नऊवारी म्हणजे थान, थोरली दुकानदार आणि धाकटी गिऱ्हाईक. धाकटी फार नखरेल गिऱ्हाईक होती. सगळं थान उलगडायला लावायची आणि "रंग नाही पटला" म्हणून निघून जायची. यजमान म्हणायचे, "अवं, अशा दिवसातून धा येतेत, पण आपण हसून घडी घालायची." मी भांडी घासत त्यांच्याकडे पाठ करून असायची. मला त्यांच्या दुकानदारीत फार रस नव्हता, हिशेब बरोबर येत होते एवढं मला पुरे होतं. इथं माझी चूक झाली, पण ती कळायला तीन वर्षं लागली.

तीन वर्षांनी डॉक्टरांनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं आणि म्हणाले, "पाठवा शाळेत." धाकटीचं सोपं झालं. गुरुजींनी वय पाहिलं, एक धडा वाचून घेतला आणि तिसरीत बसवलं. यावेळी तिनं चौकट धरली नाही. थोरलीला घेऊन मी मुलींच्या मोठ्या शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई उंच, बारीक, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पातळातल्या. त्यांनी जुना दाखला पाहिला. "दुसरी अर्धवट," त्या म्हणाल्या. "मधली तीन वर्षं?"

"घरी शिकली. मी शिकवलं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण वाईट काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, पेपर देते. मराठीचा आणि गणिताचा. गणितात दहापैकी सात बरोबर आली तर पाचवी, नाहीतर तिसरी. "तिसरी" ऐकून थोरलीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

मी व्हरांड्यात बसले. दीड तासानं शिपाईबाईनं आत बोलावलं. बाई म्हणाल्या, "मराठी उत्तम आहे. निबंधात एक खून आहे, पण भाषा चांगली आहे. गणितात सहाच बरोबर." त्या पुढं म्हणाल्या, "मला कळत नाही. अवघड सहा हिनं पटापट सोडवलीत, आणि सोपी चार चुकवलीत." कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. साडेसात मीटर कापडातून अडीच मीटर दिलं, किती उरलं? थोरलीनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'पाच मीटरला चार बोटं कमी.' गवळ्यानं तीन घरी दूध घातलं, किती उरलं? 'एकोणीस लिटरला तीन धारा कमी.' तांदळाच्या पोत्यातून दोन मुठी कमी. तेलाच्या डब्यातून एक पळी कमी.

"ही चार बोटं कुठून आली?" बाईंनी विचारलं.

थोरलीला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "बाई, मोजून झाल्यावर पट्टी उचलायची, मग चार बोटं सोडून कैची लावायची. कापड धुतल्यावर आकसते ना. अन् नेमकं मापावर कापलं तर गिऱ्हाईक म्हणते, मारलं मापात. बाबा कधीच मापावर कापत नाहीत."

"आणि दूध?"

"गवळी माप ओतल्यावर वरून एक धार टाकतेच. तीन घरं होती, म्हणून तीन धारा."

मी मान खाली घालून बसले होते, ती एकदम वर केली. तीन वर्षं मी भांडी घासत होते आणि माझ्या पाठीमागे ही दुकानदारी शिकवली जात होती! पण राग आला तो आधी बाईंचाच. मी म्हटलं, "मग चूक काय आहे त्यात? तुमच्या गवळ्यानं वरची धार नाही टाकली तर तुम्ही घ्याल का त्याचं दूध?"

बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. "तुमच्या घरी ही चूक नाही," त्या म्हणाल्या, "माझ्या पेपरात आहे. उद्या दहा वाजता हिला पुन्हा आणा. नवीन पेपर देईन. त्यानंतर मात्र काही करता येणार नाही."

घरी आल्यावर थोरली खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली. मला तिची इतकी दया आली, आणि यजमानांचा इतका संताप, की ते दारात आल्याबरोबर मी पाण्याचा तांब्याही न देता सगळं सांगितलं. आधी ते हसले. चार बोटांचं ऐकून त्यांची छातीच फुगली. मग तिसरीचं ऐकलं आणि चप्पल काढायचं विसरून दारातच उभे राहिले.

"आता तुम्हीच सांगा तिले," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलं ना."

ते खाटेपाशी बसले. "बेटा, पेपरात वर काही द्यायचं नाही."

"काहून?" थोरली भिंतीकडे बघतच म्हणाली.

"पेपरात मापून तेवढंच."

"मग गिऱ्हाईक?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षं त्यांनी चार बोटं सोडूनच कैची लावली होती. "मापात मारायचं का मग, बाबा?" तिनं विचारलं, आणि त्यांचा चेहरा पडला. मी पिठाचे हात तसेच घेऊन पुढं झाले. मी काही विचार केला नव्हता, तोंडातून निघालं ते असं.

"अवं, ते साडेसात मीटर कापड कोनाचं?"

"पेपरातलं."

"तुह्या बाबाच्या दुकानातलं आहे का? तुहं आहे का? माहं आहे का?"

"नाही."

"मग दुसऱ्याच्या थानातून वर द्यायची उदारी करणारी तू कोन? ज्याचं असंन तो देईन. तुले फक्त मोजाले बसवलं आहे, मोज अन् उठ."

थोरली उठून बसली. विचार करताना ती वरचा ओठ चावायची, तसा तिनं चावला. "हे बरोबर आहे," ती म्हणाली. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच यजमान हळूच म्हणाले, "पण थान तर माहंही नाही. शेठचं आहे. मग मी तरी कोन?"

"तुम्ही हातपाय धुवा," मी म्हटलं, "अन् समुद्रात जाऊन बसा." थोरली खळखळून हसली. त्या हसण्यानं माझा अर्धा जीव परत आला. तरी त्या रात्री मी तिला वीस गणितं घातली, कापड, दूध, तेल, तांदूळ, सगळी. धाकटी मधेच "मले वरून एक धार!" म्हणून ओरडली, तर थोरलीनंच तिला दटावलं, "इथं नाही मिळत, समोरच्या दुकानात जा."

दुसऱ्या दिवशी दीड तास मी व्हरांड्यात उभीच होते. बसायचं सुचलंच नाही. बाईंनी बोलावलं तेव्हा त्यांच्या हातात कागद होता आणि चष्मा कपाळावर. दहापैकी नऊ बरोबर. एक चुकलं होतं ते भागाकारात, साधं, कोणाचंही चुकतं तसं. आणि अगदी खाली, उत्तरांखाली रेघ ओढून झाल्यावर थोरलीनं लिहिलं होतं: 'सगळ्यांना मापून दिलं आहे. वर कोणालाच काही दिलं नाही. माफ करावे.'

"कोणाची माफी मागितलीस?" बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाइकांची," थोरली म्हणाली.

तेव्हा बाई हसल्या. कडक इस्त्रीच्या पातळात त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून कारकून डोकावले. हसू आवरून त्यांनी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली आणि पाचवीच्या पटावर नाव घातलं. मला ओरडावंसं वाटत होतं. मी नुसता पदर घट्ट धरून उभी राहिले.

मग कारकुनांनी अडवलं. दाखला दुसरीचा आणि प्रवेश पाचवीत, हे चालायचं नाही, मधल्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे, नाहीतर रकाने रिकामे राहतात. बाईंनी एक कोरा छापील दाखला काढला आणि माझ्यापुढं सरकवला. "तुम्ही शिकवलंत ना? मग तुम्हीच भरा."

दौतीत टाक बुडवून मी भरायला लागले. किती वर्षांनी मी असा छापील कागद भरत होते. शाळेचे नाव: घर. प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली, पण उलट बोलते. थोरली माझ्या खांद्यावरून वाचत होती, ती म्हणाली, "हे काहून लिहिलं?" मी म्हटलं, "खरं आहे म्हणून." पुढचा रकाना होता, शाळा सोडण्याचे कारण.

तिथं माझा हात थांबला. बाकीच्या मुली बदली झाली म्हणून शाळा सोडतात, नाहीतर लग्न ठरलं म्हणून, नाहीतर ऐपत नाही म्हणून. माझ्या शाळेचं कारण काय? तीन वर्षं मी तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता. डॉक्टरांनी सांगितल्यावर नाही, यजमानांपाशी नाही, देवापुढेही नाही. बोललं तर दृष्ट लागेल या भीतीनं मी दातांखाली धरून ठेवला होता. बाई वाट बघत होत्या. कारकून वाट बघत होते. मी टाक पुन्हा बुडवला आणि माझ्या सातवी पास अक्षरात, एकेक अक्षर सुटं करून लिहिलं:

मुलगी बरी झाली.